पुंगळीच्या मानेवरचे दोन थाऊ : .३०८ साठीच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

लांब पल्ल्याच्या एफ-क्लास नेमबाजीतील एफ-टीआर या वर्गात .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ विंचेस्टर अशी दोनच काडतुसे चालतात. मी ओहायोत राहतो आणि गेली काही वर्षे .३०८ ची काडतुसे घरीच भरतो. या हिवाळ्यात एका नेमबाजाकडून वापरलेली बॅरल विकत घेतली. चेंबरजवळ (चेंबर म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाची, काडतूस बसते ती पोकळी) तिच्यावर '.३३६ नेक', म्हणजे मानेची जागा ०.३३६ इंच, असे कोरलेले आहे, आणि पुढचे सगळे काम त्या एका आकड्यामुळे उभे राहिले आहे.

कारखान्यातून येणाऱ्या .३०८ च्या चेंबरमध्ये पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) मानेसाठी, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद भागासाठी, साधारण ०.३४४ इंच किंवा त्याहून थोडी अधिक जागा असते. नव्या चांगल्या पुंगळीच्या मानेची भिंत सुमारे १५ थाऊ (०.०१५ इंच) जाड असते. म्हणजे ०.३०८ ची गोळी बसवल्यावर मानेचा बाहेरील व्यास ०.३३८ च्या आसपास जातो आणि कारखान्याच्या चेंबरमध्ये तो निवांत मावतो. माझ्या बॅरलमध्ये तो मावणारच नाही. बळजबरीने बोल्ट बंद करून मावला, तर ते अधिक वाईट. दारू पेटल्यावर मान फुलायला जागा नसेल तर गोळीवरची पकड सुटत नाही आणि दाब धोकादायक पातळीवर जातो. त्यामुळे मानेवरचे पितळ बाहेरून लेथसारखे उतरवणे येथे हौसेचे काम राहत नाही, ते केल्याशिवाय बॅरल वापरताच येत नाही.

सर्व मापे इंचात आहेत. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत बोलतात त्याच अर्थाने 'थाऊ' म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि 'दशांश थाऊ' म्हणजे दहा हजारावा. दारूची वजने या नोंदींत कुठेही दिलेली नाहीत आणि दिली जाणार नाहीत. ती उत्पादकाच्या छापील तक्त्यांतूनच घ्यावीत. भारतातील वाचकांनी हे फक्त वाचायचे आहे, कारण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार तेथे दारूगोळा तयार करण्यासाठी परवाना लागतो.

११ जानेवारी

बॅरलवर कोरलेल्या आकड्यावर विसंबून पितळ उतरवायचे नाही, असे ठरवून आधी चेंबरचा साचा काढला. त्यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो. तो उकळत्या पाण्याच्या खालच्या तापमानालाच वितळतो, त्यामुळे एका भांड्यात पाणी आणि त्यात दुसरे छोटे भांडे ठेवून तो सहज पातळ होतो. त्यात शिसे आणि कॅडमियम असते. म्हणून गॅरेजचे शटर उघडे ठेवले आणि त्यासाठी वापरलेली भांडी स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत, हे घरात आधीच सांगून टाकले.

पहिला साचा वाया गेला. गॅरेजमधील बॅरल बर्फासारखी गार होती आणि धातू आत शिरताच थिजल्याने साच्याच्या पृष्ठभागावर सुरकुत्या पडल्या. दुसऱ्या वेळी हेअर ड्रायरने चेंबरचा भाग हाताला कोमट लागेपर्यंत तापवला, मानेच्या थोड्या पुढे कापडाचा बोळा घट्ट बसवला आणि एका धारेत धातू ओतला. हा साचा आरशासारखा निघाला.

सेरोसेफ आधी आकसतो आणि मग पुन्हा वाढतो. ओतल्यानंतर पहिल्या अर्ध्या तासात तो आकसलेला असतो आणि तेवढ्यातच तो चेंबरमधून सुटतो. साधारण एका तासाने तो चेंबरच्या नेमक्या मापाला येतो आणि त्यानंतर दिवसेंदिवस थोडा मोठा होत जातो. म्हणून गजर लावून एका तासानेच मापला.

मानेच्या जागी ०.३३५५ आले. कोरलेल्या आकड्यापेक्षा अर्धा थाऊ कमी. चेंबर कापणाऱ्या रीमरला पुन्हा धार लावली की तो किंचित लहान कापतो, त्यामुळे यात आश्चर्य काही नाही. पण ०.३३६ गृहीत धरून काम केले असते, तर मोकळ्या जागेचा चौथा हिस्सा मापण्याआधीच गेला असता.

गणित असे मांडले. एकूण मोकळीक दोन थाऊच्या आसपास हवी, म्हणजे भरलेल्या काडतुसाची मान ०.३३३५ हवी. डब्यावर गोळीचा व्यास ०.३०८ लिहिलेला असला तरी माझ्याकडच्या गोळ्या मायक्रोमीटरवर ०.३०८२ भरतात. उरलेल्या ०.०२५३ चे दोन भाग केले की एका बाजूच्या भिंतीची जाडी १२.६५ थाऊ येते. ती १२.७ धरली, म्हणजे मान ०.३३३६ आणि मोकळीक १.९ थाऊ. यापेक्षा जाड भिंत राहिली आणि मोकळीक दीड थाऊच्या खाली गेली, तर ती पुंगळी बाद.

१८ जानेवारी

लापुआ कंपनीच्या शंभर नव्या पुंगळ्या मापायला घेतल्या. मानेची भिंत साध्या मायक्रोमीटरने मापता येत नाही, कारण आतली बाजू गोल असते. त्यासाठी एका बाजूला गोल गोटी असलेला ट्यूब मायक्रोमीटर लागतो. गोटी मानेच्या आत, सपाट टोक बाहेर, आणि रॅचेटच्या तीन टकटकींनंतर आकडा वाचायचा.

एकाच पुंगळीच्या एकाच जागेचे माप दोनदा घेतल्यावर अर्ध्या थाऊचा फरक येत होता आणि बराच वेळ मी मायक्रोमीटरलाच दोष देत होतो. खरे कारण तोंडाच्या आतल्या कडेला असलेली बारीक बर (पितळेचा खरखरीत उभा काठ) होती. गोटी कधी तिच्यावर टेकायची, कधी तिच्या पलीकडे. हाताने एक फेरा चॅम्फर मारून (कड तिरपी घासून) तोंड पुसल्यावर मापे जुळू लागली. तेव्हा क्रम असा ठेवावा : आधी तोंड साफ, मग माप.

प्रत्येक मानेची चार बाजूंनी मापे घेतली. बहुतेक पुंगळ्या १४.५ ते १५.५ थाऊच्या दरम्यान होत्या आणि एकाच पुंगळीत जाड आणि पातळ बाजूंमधला फरक बहुधा अर्ध्या थाऊच्या आसपास निघाला. सहा पुंगळ्यांत तो एक थाऊच्या वर होता, त्या वेगळ्या काढल्या. ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची वाटी ठोकशाने टप्प्याटप्प्याने ओढून पुंगळी बनवतात. ठोकसा साच्याच्या मध्यापासून केसभर जरी सरकला तरी एक बाजू जाड आणि समोरची पातळ होते, आणि ती तफावत मानेपुरती थांबत नाही, खाली धडापर्यंत जाते. मान उतरवून मानेची जाडी एकसारखी होईल, धडाची होणार नाही. म्हणूनच जास्त वाकड्या पुंगळ्यांवर कटर चालवण्यात वेळ घालवला नाही.

२५ जानेवारी

मान उतरवण्याचे हत्यार आले. मुठीत मावेल असा धातूचा ठोकळा, त्यात पोलादी मँड्रेल (मानेच्या आत बसणारी दांडी) आणि बाजूने स्क्रूने आत-बाहेर होणारा कटर. पुंगळी मँड्रेलवर चढते, फिरते, आणि कटर व मँड्रेल यांच्यामधील फटीएवढीच भिंत शिल्लक राहते. मानेच्या आतला व्यास मँड्रेलवर कसा बसतो यावर सगळा खेळ आहे, हे वाचलेले होते. त्याचा नेमका अर्थ आज हाताला कळला.

माझे मँड्रेल ०.३०६० भरते. त्यासोबत घेतलेल्या एक्स्पांडरवर (मानेला आतून ठरावीक व्यासाला उघडणारी दांडी) ०.३०६५ हा आकडा होता. अर्ध्या थाऊचा फरक पुरेसा वाटला. पण पितळ स्प्रिंगसारखे मागे येते. एक्स्पांडर बाहेर काढताच मान पुन्हा ०.३०६० वर आली आणि मँड्रेलवर अक्षरशः घट्ट बसली. बॅटरीवरच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवताना आधी चिरका आवाज आला, मग मान इतकी तापली की बोट ठेवता येईना, आणि चौथ्या पुंगळीला मँड्रेलवर पितळेचा पिवळा पट्टा चिकटून बसला. एकदा तो बसला की पुढच्या प्रत्येक मानेच्या आत ओरखडे उमटतात.

पट्टा काढायला बारीक स्टील वूल आणि तेल लागले आणि पाऊण तास गेला. जाड पॉलिश पेपर लावायचा मोह झाला होता, तो आवरला, कारण मँड्रेलचा व्यास कमी झाला तर सगळेच गणित नव्याने मांडावे लागते.

याच दिवशी दुसरी गोष्ट ध्यानात आली. लेथवर काम शिकलेल्या माणसाची सवय म्हणजे हत्यार जितके घट्ट धराल तितके काम सरळ. त्या सवयीने मी ठोकळा शेगड्यात आवळला होता. येथे ते चुकीचे ठरते, कारण पुंगळी धरणारा स्क्रूड्रायव्हर आणि ठोकळा हे दोन्ही पक्के धरले की त्यांच्या रेषा कधीच तंतोतंत जुळत नाहीत आणि तिरपेपणाचा सगळा ताण मानेवर येतो. ठोकळा डाव्या हातात सैल धरला, त्याला स्वतःची रेषा शोधू दिली, की थरथरणे बंद होते.

१ फेब्रुवारी

मागच्या वेळच्या घट्टपणावर उतारा म्हणून ०.३०८० चा एक्स्पांडर मागवला. तो दुसऱ्या टोकाला गेला. मानेचा आतला व्यास ०.३०७३ राहिला, म्हणजे मँड्रेलभोवती सव्वा थाऊहून अधिक जागा. पुंगळी लोण्यासारखी फिरत होती, आवाज नाही, उष्णता नाही, आणि मला काम जमले असेच वाटत होते. मापायला घेतल्यावर तोंडाजवळ १३.१, खांद्याजवळ १३.६. सैल मान कटरखाली मँड्रेलवर हेलकावते आणि जाडी लांबीभर एकसारखी राहत नाही. बाहेरून पाहिले तर कापलेला भाग चकचकीत आणि निर्दोष दिसतो, म्हणून ही चूक घट्टपणाच्या चुकीपेक्षा फसवी आहे.

शेवटी ०.३०७० चा एक्स्पांडर घेतला. त्यानंतर मानेत ०.३०६५ ची पिन गेज (नेमक्या व्यासाची मापाची सळई) जाते आणि ०.३०७० ची जात नाही. मँड्रेलवर मान हाताने फिरवता येते पण डगडगत नाही. एक्स्पांडर मँड्रेलपेक्षा एक थाऊ मोठा, हे प्रमाण माझ्या पितळेला लागू पडले. ज्याचे पितळ अनेकदा डागून कडक झाले असेल त्याची मान अधिक मागे येईल, म्हणून आकडा उसना घेण्यापेक्षा पिन गेजचा छोटा संच घ्यावा.

वंगणाचेही येथेच सांगून टाकतो. नुसते मशीन ऑइल टिकले नाही. मानेच्या आत बोटाने लावलेले, पुंगळी साइझ करायचे (डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणायचे) मेण आणि मँड्रेलवर एक थेंब घट्ट तेल, ही जोडी चालली. प्रत्येक पुंगळीनंतर मँड्रेल पुसणे कंटाळवाणे आहे आणि ते टाळता येत नाही.

८ फेब्रुवारी

आज कटर नेमक्या मापाला लावला. मँड्रेल आणि कटर यांच्यात फीलर गेजची (ठरावीक जाडीची) पाती धरून सुरुवातीची फट साधली, पण तो अंदाज फक्त काम सुरू करण्यापुरता. खरे माप उतरवलेल्या मानेवरच कळते.

१५ वरून १२.७ वर एका फेऱ्यात यायचा प्रयत्न केला तर कटर थरथरतो आणि मानेवर स्क्रूसारखे आटे पडतात. म्हणून दोन फेरे ठरवले : पहिल्यात १३.६ पर्यंत, दुसऱ्यात १२.७. दुसऱ्या फेऱ्यात जेमतेम नऊ दशांश थाऊ निघतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत येतो. पुंगळी पुढे ढकलण्याचा वेग हाही तितकाच महत्त्वाचा आहे. घाई केली की आटे, आणि फार रेंगाळलो की उष्णता. श्वास सोडता सोडता एकदा आत आणि तितक्याच संथपणे बाहेर, ही गती हाताला बसली.

स्क्रूच्या दोन खोड्या : त्यात किंचित ढिलाई असते, त्यामुळे माप नेहमी एकाच बाजूने गाठायचे, आणि पुढे गेल्यास पूर्ण मागे येऊन पुन्हा यायचे. दुसरे म्हणजे लॉक स्क्रू आवळताना कटर दोन दशांश थाऊ आत सरकतो. तेवढे आधीच जमेस धरून मग आवळायचे. हे कळेपर्यंत तीन पुंगळ्या १२.४ वर गेल्या. त्या वापरता आल्या असत्या, परंतु एकाच गटात दोन जाड्या नकोत म्हणून त्या चाचणीसाठी बाजूला ठेवल्या.

९ फेब्रुवारी

कटर मानेच्या शेवटी कुठे थांबवायचा, यावर आजचा पूर्ण दिवस गेला, आणि ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी ही नोंद तरी सावकाश वाचावी.

कटर खांद्याच्या अलीकडेच थांबला, तर मान आणि खांदा यांच्या सांध्याशी न उतरवलेल्या जाड पितळेचे कडे राहते. पुढे काही वेळा डागल्यावर आणि साइझ केल्यावर ते कडे आत सरकते आणि मानेच्या तळाशी आतून मेदूवड्यासारखी फुगीर कडी तयार होते. गोळी तिथवर बसली की तिच्यावरची पकड पुंगळीगणिक बदलते. कटर फार पुढे गेला तर नेमक्या त्याच सांध्यावर खाच पडते आणि मान एके दिवशी तिथून तुटून चेंबरमध्ये राहते. म्हणून कटरचा पुढचा उतार खांद्याच्या कोनाशी जुळणारा हवा. .३०८ चा खांदा २० अंशांचा आहे, आणि ३० अंशांचा कटर लावून हे काम होत नाही. कटरने खांद्याला केवळ स्पर्श करून तिथे इंचाच्या बत्तिसाव्या भागाएवढी चकाकी आणली, की पुरे.

सकाळी केलेल्या पुंगळ्यांवर ही चकाकी काहींवर दिसत होती, काहींवर नव्हती, आणि दोन पुंगळ्यांवर सरळ खाच होती, जरी थांबा मी हलवलेला नव्हता. कारण लांबीत सापडले. या हत्यारात पुंगळीचे तोंड थांब्याला टेकते, त्यामुळे कटर खांद्यात किती शिरेल हे पुंगळीच्या लांबीवर ठरते. नव्या पुंगळ्या एकमेकींपेक्षा चार-पाच थाऊंनी लांब-आखूड होत्या. सगळ्या २.००५ इंचांवर आधी ट्रिम केल्या (कापून एका लांबीच्या केल्या) असत्या तर सकाळ वाचली असती.

खाच पडलेल्यांपैकी एक पुंगळी बारीक पात्याच्या करवतीने उभी चिरली आणि कापलेला भाग पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून भिंगाखाली पाहिला. मानेची भिंत एकसारखी पट्टी दिसत होती, खांदा जाड होता, आणि दोघांच्या मध्ये नखाने उकरल्यासारखा एक खड्डा, जिथे पितळ १० थाऊसुद्धा उरले नव्हते. बाहेरून हाच खड्डा म्हणजे केवळ एक गडद रेघ होती. त्यानंतर खाच असलेली एकही पुंगळी 'बघू' म्हणून ठेवली नाही. बाद केलेल्या पुंगळीची मान पक्कडीने चपटी करून मगच ती भंगारच्या डब्यात टाकतो, म्हणजे चुकून कोणी ती भरणार नाही.

२२ फेब्रुवारी

ट्रिमिंग झाले, थांबा लागला, आणि तरीही माप सरकू लागले. पहिल्या काही पुंगळ्या १२.७, विसाव्याच्या आसपास १२.५, तिथून पुढे कधी १२.५ कधी १२.६. कटर झिजला असावा असे वाटून मी तो काढायला निघालो होतो.

मिशिगनमधील एका परिचित काकांना फोन केला. आयुष्यभर भोसरीत टूलरूममध्ये काम केलेला माणूस, बंदुकीशी त्यांचा संबंध नाही. त्यांनी हत्यार कसले आहे हेही न विचारता म्हटले, "अरे, ते गार होऊ दे आधी. गरम जॉबचं माप घ्यायचं नसतं, आणि गरम हत्याराने शेवटचा कट मारायचा नसतो."

हिशेब केला. एक अंश सेल्सियसला पितळ दर इंचामागे दहा लाखांतील सुमारे २० भाग वाढते, पोलाद सुमारे १२, आणि ठोकळ्याचे अॅल्युमिनियम २३ च्या आसपास. तापमान ३० अंशांनी वाढले की ०.३३ इंचांच्या पितळी मानेचा व्यास दोन दशांश थाऊंनी बदलतो. मँड्रेल, मान आणि ठोकळा तिघेही वेगवेगळ्या गतीने वाढत असताना शेवटच्या दशांश थाऊची अपेक्षा करणेच चुकीचे होते.

त्यानंतरची पद्धत अशी : पहिला फेरा सगळ्या पुंगळ्यांना एका बैठकीत, कारण तिथे दोन दशांश थाऊंनी काही बिघडत नाही. दुसरा फेरा पाच-पाच पुंगळ्यांच्या गटाने, आणि दोन गटांच्या मध्ये ठोकळा थंड लोखंडी पाट्यावर ठेवायचा. माप घेण्याआधी उतरवलेली पुंगळी निदान दहा मिनिटे पडू द्यायची. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो आणि दर पुंगळीमागे, पुसण्या-मापण्यासकट, पाच-सहा मिनिटे जातात. माप मात्र १२.६ ते १२.८ च्या बाहेर गेले नाही.

८ मार्च

सगळ्या पुंगळ्या उतरवून झाल्या. शंभरातल्या सहा आधीच बाद, अकरा शिकताना खराब, म्हणजे ८३ हाती राहिल्या.

यानंतर करायच्या गोष्टी थोड्या आहेत. मानेच्या आत पितळेचा बारीक कीस मेणात अडकून बसतो, तो नायलॉनच्या ब्रशने आणि मग साबणाच्या गरम पाण्याने काढला. पातळ झालेल्या तोंडाला चॅम्फर अगदी हलका मारला, कारण जाड भिंतीच्या सवयीने मारला तर तोंडाला चाकूसारखी धार येते.

अनीलिंग (माना तापवून मऊ करणे) आत्ता केले नाही. नव्या पुंगळीच्या माना कारखान्यातून मऊ करूनच येतात. मानेवरचा तो निळसर-तपकिरी रंग कटरने निघून गेला तरी धातूचा मऊपणा जात नाही. काही वेळा डागून माना कडक झाल्या की तेव्हा पाहू.

भरण्याआधी शेवटची पडताळणी प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) आणि दारू दोन्ही नसलेल्या काडतुसावर केली. गोळी बसवली, मान मापली, ०.३३३६. मग गटातील सर्वांत जाड मानेच्या पुंगळीत सर्वांत जाड गोळी बसवून पुन्हा मापली, ०.३३३९. म्हणजे सर्वांत वाईट जुळणीतही मोकळीक १.६ थाऊ राहते. बोल्टमधून फायरिंग पिन काढून ही दोन्ही काडतुसे चेंबरमध्ये घातली. बोल्ट बोटाच्या जोरावर बंद झाला आणि मानेवर कुठेही घासल्याची खूण उमटली नाही.

कोल्हापूरच्या नातेवाइकांना या साऱ्याचे फोटो पाठवले, तर पॅरिसमध्ये २०२४ साली ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवणारा आपला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळेही असेच करतो का, असा प्रश्न आला. नाही. त्या प्रकारात .२२ रिमफायर काडतूस असते. त्याचे ठिणगी देणारे मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते आणि एकदा कड ठोकली गेली की ती पुंगळी पुन्हा भरण्यासारखी राहत नाही. तेथे चांगले काडतूस निवडण्यासाठी वेगवेगळ्या गटांची चाचणी घेतात. पितळेशी झटापट आमच्याकडे.

२९ मार्च

पहिली फैर झाली. नेहमीच्या प्रमाणाच्या खालच्या टोकापासून सुरुवात करून वर गेलो, कारण बॅरल आणि चेंबर दोन्ही माझ्यासाठी नवे आहेत. प्रायमर चपटे झाले नाहीत, बोल्ट जड उघडला नाही.

डागलेल्या पुंगळ्यांच्या माना ०.३३४८ ते ०.३३५० आल्या. चेंबर ०.३३५५ आहे, म्हणजे मान चेंबरच्या भिंतीपर्यंत फुलली आणि अर्धा-पाऊण थाऊ मागे आली. मैदानावर कोणतेही हत्यार न वापरता करता येणारी चाचणी अशी : डागलेल्या पुंगळीच्या तोंडात नवी गोळी सोडायची. ती स्वतःच्या वजनाने आत घसरली, तर गोळी सुटायला जागा आहे. ती तोंडाशी अडली, तर पुढचे काडतूस भरायचे नाही. अडकण्याची कारणे दोन असू शकतात, मोकळीक कमी किंवा तोंड वाकलेले, आणि दोन्ही तपासल्याशिवाय दुसरी फैर नको. माझ्या सर्व पुंगळ्यांत गोळी घसरली.

साइझ करण्यासाठी ०.३३२ चे बुशिंग (डायमध्ये बसणारे, मान ठरावीक व्यासाला दाबणारे कडे) घेतले आहे, भरलेल्या मानेपेक्षा साधारण दीड थाऊने लहान. आधी सवयीने जुन्या रायफलीसाठी वापरत होतो ते ०.३३६ चे बुशिंग डायमध्ये तसेच राहिले होते. त्यातून पुंगळ्या अजिबात स्पर्श न होता आरपार गेल्या आणि गोळी मानेत थांबेना. मान पातळ केली की बुशिंग बदलावे लागते, ही बाब खर्चाच्या यादीत आधी धरलेली बरी.

१२ एप्रिल

मान उतरवून नेम किती सुधारला, हा प्रश्न क्लबात प्रत्येक जण विचारतो. या बॅरलपुरते त्याचे उत्तर देता येत नाही, कारण न उतरवलेली पुंगळी तिच्यात बसतच नाही आणि तुलना करायला दुसरी बाजूच नाही. म्हणून कारखान्याच्या चेंबरची जुनी रायफल काढली, काही पुंगळ्यांच्या मानेवरचा फक्त उंच भाग हलकेच उतरवला, काही जशाच्या तशा ठेवल्या, आणि ६०० यार्डांवर दोन्ही आलटून पालटून डागल्या. कागदावर मला फरक दाखवता येत नाही. भरलेले काडतूस फिरवताना दिसणारा डगमग मात्र मापात कमी झाला, साधारण तीन थाऊवरून दीड थाऊवर. मोठ्या चेंबरमध्ये मान आणखी पातळ केली की ती आधीच्यापेक्षा अधिक फुलते आणि प्रत्येक वेळी अधिक दाबली जाते, त्यामुळे पितळ लवकर थकते. ज्यांच्याकडे कारखान्याची बॅरल आहे त्यांनी हा पैसा चांगल्या पुंगळ्यांवर आणि वारा वाचण्याच्या सरावावर घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ईरी सरोवराकाठच्या कॅम्प पेरीला १,००० यार्डांवर एफ-क्लासच्या लक्ष्याचे १० गुणांचे वर्तुळ १० इंचांचे असते आणि सरोवरावरून येणारी झुळूक एका क्षणात गोळीला त्याच्या बाहेर नेते. मानेवरचे दोन दशांश थाऊ तेथे कुणाला वाचवत नाहीत.

खर्च : हत्यार आणि मँड्रेल १९० डॉलर, ट्यूब मायक्रोमीटर १२०, पिन गेज ६०, शंभर पुंगळ्या १२०, सेरोसेफ ३५. एकूण ५२५. यात न चाललेल्या दोन एक्स्पांडरचे ४० आणि नव्या बुशिंगचे २५ धरलेले नाहीत. सेरोसेफ पुन्हा वितळवून वापरता येतो, पुंगळ्या सोडून बाकी सर्व पुढच्या शंभर पुंगळ्यांनाही चालेल.

पुढच्या गटासाठी डब्याच्या झाकणावर क्रम लिहून चिकटवला आहे : तोंड साफ, माप, ०.३०७० चा एक्स्पांडर, २.००५ ला ट्रिम, पहिला फेरा १३.६, गार, दुसरा फेरा १२.७, गार, माप. त्याखाली लाल शाईने : 'लॉक स्क्रूचे दोन दशांश आधी सोड.' नवी बॅरल आली की सेरोसेफपासून सुरुवात, कारण वरचे १२.७ आणि १३.६ हे दोन्ही आकडे या एकाच चेंबरचे आहेत.